'हाउंड्स ऑफ लव्ह'ची दुसरी बाजू शेवटाला फाटते, रेकॉर्ड बाद झाली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या केमोच्या काळात रात्री जागताना ब्रिटिश गायिका केट बुशचा 'हाउंड्स ऑफ लव्ह' हा अल्बम फोनवर सापडला, त्याच्या आधारानं ते महिने काढले. आई आता बरी आहे. परवा पुण्याच्या जुन्या बाजारात त्याची एलपी मिळाली, पण दुसऱ्या बाजूला मधेच सुई अडकल्यासारखं वाजतं आणि शेवटाला आवाज फाटतो.

टाकून तर मुळीच देऊ नका. यातली एक तक्रार बहुधा तक्रारच नाही.

अडकल्यासारखं वाजतं ते या बाजूचं तिसरं गाणं, 'वेकिंग द विच', असेल तर ते तसंच आहे. तिथे गाणारीचा आवाज मुद्दाम तुकडे करून, अडखळत ठेवलाय. खरंच सुई अडकतेय का हे घड्याळावर कळतं. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगात रेकॉर्डचा एक फेरा 1.8 सेकंदांत होतो. तोच तुकडा दर 1.8 सेकंदांनी जसाच्या तसा परत आला, तर अडकलीय. तुकडे वेगवेगळे असतील तर सुईला हात लावू नका.

शेवटाला फाटण्याची गोष्ट मात्र खरी आहे, आणि तिचं मूळ रेकॉर्डच्या भूमितीत आहे. कडेला सुईखालून खाच सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर वेगानं सरकते, लेबलाजवळ तोच वेग 21 च्या आसपास येतो. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे सुई जरा झिजलेली किंवा तिरकी असली की 'स', 'श' चरचरायला लागतात. त्यात ही बाजू 26 मिनिटांची, म्हणजे एलपीच्या मानानं लांबच, त्यामुळे खाचा लेबलाच्या बऱ्याच जवळ जातात. 1985 च्या या रेकॉर्डची ही अख्खी बाजू, 'द नाइन्थ वेव्ह', म्हणजे रात्री समुद्रात एकटीच तरंगत, झोप लागू नये म्हणून झगडणाऱ्या बाईची कथा. पहाटेचं गाणं, 'द मॉर्निंग फॉग', जिथे तिला आई-वडील, भाऊ आठवतात, ते नेमकं सगळ्यात आत येतं. शास्त्रीय गिटारवादक जॉन विल्यम्सची गिटार तिथेच आहे. म्हणून प्लेअर लावायचा तो या शेवटच्या अडीच मिनिटांसाठी, असं मी म्हणेन.

आधी धुवा. 200 मिली डिमिनरलाइज्ड पाणी (बॅटरीच्या दुकानात मिळतं, सीलबंद कॅनवर तसं लिहिलेलं बघून घ्या, ॲसिडचा कॅन उचलू नका), 40 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब. मऊ मायक्रोफायबर कापडानं खाचांच्या दिशेनं गोल फिरवत पुसायचं, आडवं कधीच नाही. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या त्याच पाण्यानं दोनदा धुवून ताटं ठेवायच्या जाळीत उभी वाळवा. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात. आणि जुन्या बाजारातून 78 च्या लाखेच्या तबकड्याही आणल्या असतील तर हे मिश्रण त्यांना चुकूनही लावू नका. अल्कोहोलनं लाख विरघळते.

तरी फाटलंच, तर दुसऱ्या एखाद्या चांगल्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं लावून बघा. तेही फाटत असेल तर दोष प्लेअरचा. सुईचा भार छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ई या कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) 2 ग्रॅम लागतो. भीतीपोटी कमी भार ठेवणं जास्त वाईट, सुई उड्या मारते आणि खाच खरवडते. फक्त उजवीकडचा आवाज फाटत असेल तर अँटीस्केट (सुईच्या दांड्याची आत ओढ थोपवणारी सोय) थोडं वाढवा. मग प्रोट्रॅक्टरच्या, म्हणजे कोन जुळवायच्या आखीव कागदावर कार्ट्रिज सरळ करा. सुई शंकूच्या आकाराची असेल तर लंबवर्तुळाकार घ्या, आतल्या खाचांत लगेच फरक कळतो. सुटकेसवाल्या स्वस्त प्लेअरवर ही रेकॉर्ड लावूच नका, त्यांचा भार बराच जास्त असतो.

फक्त हीच रेकॉर्ड फाटत असेल तर आधीच्या मालकाच्या सुईनं खाच खाल्लीय, त्याला इलाज नाही. मग 2018 ची रीमास्टर केलेली आवृत्ती शोधा, जुनी कव्हरसाठी जपा.

धुणं जमलं की नाही ते सहाव्या गाण्यात, 'हॅलो अर्थ'मध्ये, कळेल. वाद्यं थांबतात आणि जॉर्जिया देशातल्या 'त्सिन्त्स्कारो' या लोकगीताचे पुरुषी स्वर अगदी हळू येतात. तिथे मधूनच कुठेही टिकटिक, चरचर आली तर पुन्हा धुवा.

आईंना शेजारी बसवून ऐकणार असाल तर 'वेकिंग द विच' सुरू व्हायच्या आधी आवाज थोडा कमी करा. त्यातला पुरुषी दरडावणीचा आवाज एकदम अंगावर येतो.