कर्नल बदलला आणि स्क्रीन काळी

प्रश्न: उबंटू लिनक्सवर मेनलाइन कर्नलच्या (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेनलाइन म्हणजे उबंटूचे स्वतःचे बदल नसलेला मूळ लिनक्सचा) डेब फायली, म्हणजे इन्स्टॉल करायची पॅकेजं, हातानेच टाकल्या, रीस्टार्ट केलं तर नुसती काळी स्क्रीन. फॉरमॅट मारू का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर: अहो थांबा, फॉरमॅट कशाला! जुना कर्नल आहे तिथेच आहे, मशीन चालू होताना एस्केप दाबा, जुनं बायोसवालं मशीन असेल तर शिफ्ट, ग्रब (कोणता कर्नल चालवायचा ते विचारणारा मेनू) आला की ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुन्या कर्नलचा नंबर निवडा, डेस्कटॉप येईल. हेडर्सच्या (ड्रायव्हर बिल्ड करायला, म्हणजे त्या कर्नलसाठी तयार करायला लागतात त्या) दोन्ही फायली टाकल्यात ना? लोक हमखास त्याच विसरतात, मग ग्राफिक्स कार्डचा वेगळा टाकलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बिल्डच होत नाही आणि स्क्रीन काळी राहू शकते. सिग्नेचरची तक्रार दिसली असती तर गोष्ट वेगळी, तो सिक्युअर बूटचा, म्हणजे विश्वासू डिजिटल सही नसलेला कर्नल अडवणाऱ्या सोयीचा लोचा. आणि जुना कर्नल लगेच उडवू नका हां, फास्ट लोकल चुकली तर मागची स्लो लागतेच की!