माळ्यावरचे दोर

“ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. माळ्यावर दोर, कमरेला बांधायचे हार्नेस, कड्यात ठोकायच्या मेखा, फोटोंच्या स्लाइड्सचे डबे, सगळं तसंच आहे. गिर्यारोहण संस्थेतली मुलं मागतात. देऊन टाकलं तर ह्यांना घरातून पुसून टाकल्यासारखं होईल का?”

साठीच्या एक बाई मुलीला घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) यजमान नोकरदार. पस्तीस वर्षं शनिवार-रविवार सह्याद्रीतले कडे-सुळके चढण्यात काढलेले: ड्यूक्स नोज, तैलबैला, लिंगाणा, जीवधनशेजारची वानरलिंगी. गेले ते मात्र घरीच, झोपेत.

मुलीची काळजी वेगळी होती. आई अजून माळ्याला हात लावू देत नाही, हा आजार तर नव्हे? लांबलेल्या शोकाचं निदान करण्यासाठी आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) मध्ये किमान ६ महिन्यांची आणि डीएसएम-५-टीआर (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका) मध्ये प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांची अट आहे. पण नुसतं कॅलेंडर बघून निदान होत नाही. जवळजवळ रोज जीव कासावीस होणं, मृत्यू झालाच नाही असं वाटत राहणं, जगण्यात अर्थ न उरणं आणि त्यापायी रोजचे व्यवहार अडणं, हेही बघावं लागतं. बाईंची झोप ठीक होती, भिशी चालू होती, नातवाला शाळेत त्याच सोडत होत्या. अडलं होतं ते फक्त माळ्यापाशी.

का अडलं, ते तिसऱ्या भेटीत कळलं. शोकसभेत एकामागून एक सोबती बोलले. “डोंगर हेच त्यांचं घर,” असं बहुतेकांनी म्हटलं. बाई म्हणाल्या, “मग आमचं काय होतं? हिच्या बारावीच्या निकालाला हे हिमालयात होते. मला कोणी बोलायलाही उठवलं नाही.” इतकं बोलून त्या गप्प झाल्या, जणू काही गुन्हाच केला. अशा वेळी घरचे “पण बाबा केवढे मोठे होते” म्हणून पांघरूण घालतात आणि राग पुन्हा माळ्यावर जातो.

त्यांना न पाठवायचं पत्र लिहायला दिलं. वीस मिनिटं, तीन सुरुवाती: ‘तुम्ही नव्हतात तेव्हा…’, ‘तुम्ही परत यायचात तेव्हा…’, ‘मला अजून कळलं नाही की…’. हे रात्री झोपण्याआधी लिहू नये, डोकं सुरू राहतं. पहिल्यांदा लिहिताना घरात कोणीतरी असावं, पण पत्र कोणी वाचू नये. पहिल्या सुरुवातीला चार पानं झाली. दुसरीत निघाली सॅकमधून सांडणारी लाल माती, ओल्या दोराचा वास आणि एक गोष्ट जी शोकसभेत कोणालाच माहीत नव्हती: गॅलरीत सावलीला वाळलेले दोर गुंडाळायच्या त्या स्वतः. पस्तीस वर्षं.

त्यानंतर माळा उघडला. इथे भावनेइतकाच जिवाचा प्रश्न असतो, म्हणून जरा सविस्तर. नायलॉनचे दोर, स्लिंग (पट्टीचे फास) आणि हार्नेस न वापरताही जुने होतात. बहुतेक उत्पादक कमाल आयुष्य दहा वर्षांच्या आसपास धरतात. बॅटरीच्या आम्लाची वाफ लागली तर वरून काहीच न दिसता आतले धागे कमजोर होतात. घरातले दोर नव्वदच्या दशकातले. असा दोर ‘सरावाला चालेल’ म्हणून संस्थेला देणं म्हणजे कोणाच्या तरी मुलाला त्यावर लटकवणं. अखंड दोर कोणालाही द्यायचा नाही. कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून मधोमध कापावा, टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्यावीत. बाईंनी हातभर तुकडे करून सोबत्यांना दिले. प्लास्टिकचं जुनं हेल्मेटही डोक्यावर चढवू नये. धातूच्या कॅराबिनरांचा (दोर अडकवायच्या, झडप असलेल्या कड्या) निर्णय जाणकाराने घ्यावा: खाच पडलेली, गंजलेली, झडप अडकणारी बाद; कशी वापरली होती ते माहीत नसेल तीही बाद. मेखा मात्र खुशाल शोकेसमध्ये ठेवाव्यात.

स्लाइड्सना पावसाळ्यात बुरशी येते. ओल्या फडक्याने पुसलं तर चित्राचा थरच निघतो. कडेला धरावं, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावं. स्कॅन करायची सगळ्यांना घाई असते, पण नावं-गावं आधी. दोन जुन्या सोबत्यांना बोलवून एका बैठकीत चाळीसच स्लाइड्स घेतल्या: कोण, कुठला सुळका, कोणती बाजू, कोणतं साल, फोनवर आवाज नोंदवून. त्याहून जास्त घेतल्या की माणसं थकतात आणि अंदाजाने सालं सांगू लागतात.

मुलीला हरिश्चंद्रगडावर नावाची फरशी बसवायची होती. तो परिसर अभयारण्यात येतो. परवानगीशिवाय असं काही करता येत नाही, आणि आमच्या मते करूही नये. गडावरच्या टाक्यात रक्षा सोडण्याचा विचारही मागे घ्यायला लावला. ते पाणी लोक पितात. त्याऐवजी मायलेकींनी संस्थेला नवा दोर घेऊन दिला, सोबत नोंदवही: खरेदीची तारीख, प्रत्येक वापर, कोणी पडल्यावर दोराला बसलेला प्रत्येक झटका.

“म्हणजे कधीतरी हाही कापायचा?” बाईंनी विचारलं. हो.

पत्रातली तिसरी सुरुवात अजून कोरी आहे. माळ्यावर एक सॅकही बंदच आहे. ती कधी उघडायची याची तारीख आम्ही ठरवलेली नाही.