वहिनीचा रुसवा राहू दे, बाळ कुठे आहे?

ताई, माझा भाचा 14 महिन्यांचा आहे. आईने त्याचं जावळ ठरवलं, पाहुणे जमले, पण वहिनी बाळाला घेऊन आलीच नाही. फोन उचलत नाही. आधी किती बोलकी होती, आता आई भेटायला गेली तरी आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. सगळे म्हणतात, शिकल्याचा माज आहे. दादा बिचारा एकटाच सगळ्यांना तोंड देतो. परवा अंगणवाडीच्या ताई बाजारात भेटल्या. बाळाला वजनाला का आणत नाहीत हे विचारायला त्या तीनदा घरी गेल्या, तर ‘झोपलंय’ म्हणून दादाने अंगणातूनच परत पाठवलं. नवव्या महिन्याची लसही राहिली आहे म्हणे. वहिनीचं मन कसं वळवू?
– एक नणंद, सिन्नर तालुका

जावळावरून झालेल्या मानापमानाबद्दल तू भरभरून लिहिलंस आणि अंगणवाडीच्या ताईंना दोन वाक्यांत वाटेला लावलंस. मी मात्र तिथेच अडकले. बाई तीनदा दारात आली आणि तिन्ही वेळा मूल झोपलेलं?

एखादी लस चुकते. ताप असतो, कांद्याची लागण असते, घरात लग्न असतं. पण इथे गोवर-रुबेलाची लस राहून पाच महिने झाले, दर महिन्याचं वजन बंद आहे आणि बोलवायला आलेल्या बाईला उंबरठ्याच्या आत घेत नाहीत. त्यातच बोलकी सून गप्प झाली. तू याला माज म्हणतेस! मला तर वाचून धास्ती वाटली.

वजन करताना कधी पाहिलंयस? सेविका बाळाचं झबलं काढते, त्याला काट्याच्या झोळीत बसवते, उंचीसाठी फळीवर आडवं झोपवते, दंडाला पट्टी गुंडाळते. दंड 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित. पण तेवढ्यात तिला बाकीचंही दिसतं. बरगड्या, वळ, चट्टे, हात लावला की मूल कसं दचकतं ते. शेजारी उभ्या आईचा चेहरा दिसतो. ‘तू नीट जेवतेस ना गं?’ असं विचारणारी त्या दोघांच्या आयुष्यात कदाचित तेवढी एकच बाहेरची बाई होती. तिलाच अंगणातून परत पाठवलं.

आणि ‘दादा बिचारा’ हे आधी खोडून टाक. बाळाला लसीला नेणं बापाचंही काम आहे, आणि दारात आडवा उभा राहिलेला माणूस तोच आहे. आत काय चाललंय ते मला माहीत नाही, तुलाही नाही. वहिनी बाळंतपणानंतर मनाने खचली असेल. तिला बाहेर पडू देत नसतील. मारहाण होत असेल. बाळ खंगलं असेल आणि लाजेपायी लपवत असतील. यातलं काहीही असलं, तरी वहिनीचं मन वळवून काय होणार?

आजच सेविकेला फोन करून गावातला लसीकरणाचा दिवस विचार. आदल्या संध्याकाळी दादाकडे मुक्कामाला जा. आत्या आहेस, आमंत्रणाची वाट बघू नकोस. सकाळी वहिनीला आणि बाळाला बरोबर घेऊनच केंद्रावर जा. राहिलेली गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देतात, त्यामुळे उशीर झाला म्हणून सिस्टर परत पाठवणार नाहीत. वजन होईल तेव्हा बाळाजवळ तू थांब आणि वहिनीला सिस्टरशी एकटीला बोलू दे. जावळाचा विषय काढायचा नाही, अगदी सहजसुद्धा नाही.

दादाने जाऊ दिलं नाही, बाळ दाखवलं नाही किंवा बाळाच्या अंगावर काही दिसलं, तर त्याच्याशी हुज्जत घालू नकोस. बाहेर ये आणि 1098 ला फोन लाव. मुलांसाठीचा हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि नातेवाइकांनाही तिथे कळवता येतं. दादा अबोला धरेल. धरू दे.

वहिनी वाटेत स्वतःबद्दल काही बोललीच, तर महिलांसाठी 181 आहे हे तिला सांग. आणि ती जे सांगेल ते घरी जाऊन आईच्या कानावर घालू नकोस.