वाचनालयात प्रौढ साक्षरता वर्ग चालवला तर शिकवणाऱ्याला सरकारी मानधन मिळतं का? (नाशिक)

नाही, वर्ग वाचनालयात जरूर घ्या, पण शिकवणाऱ्याला मानधन मिळत नाही. सध्याचा ‘उल्लास’ हा प्रौढ साक्षरता कार्यक्रम (२०२२-२७) केंद्र आणि राज्य ६०:४० खर्चाने चालवतात, शिकवणं मात्र स्वयंसेवकांवर सोपवलेलं आहे. मला हे अन्यायाचं वाटतं.

जवळच्या जिल्हा परिषद किंवा मनपा शाळेत जाऊन १५ वर्षांवरील शिकणाऱ्यांची ‘उल्लास’च्या अ‍ॅपवर नोंद करून घ्या आणि प्रत्येकाला स्वयंसेवकाशी जोडा. हे आधीच करा. वर्ग महिनोन्‌महिने चालतो, नोंद राहून जाते आणि १५० गुणांच्या परीक्षेच्या (वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०) वेळी अडतं.

वाचनालय शासनमान्य असेल तर १९६७च्या ग्रंथालय कायद्याखालचं अनुदान मिळतं, पण ते ग्रंथालय चालवण्यासाठी असतं. नवसाक्षरांसाठी मोठ्या टाइपातली पुस्तकं ग्रंथखरेदीतून घेता येतील.