विकिपीडियावर गावाचा लेख लिहिताना
मराठी विकिपीडियावर पहिला लेख गावावर लिहिताय, फार छान! आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर लिहा, तिथे हवी तेवढी खाडाखोड करा. संदर्भ मात्र अगोदर गोळा करा: २०११ची जनगणना, जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ). त्यातले उतारे जसेच्या तसे डकवू नका, स्वतःच्या शब्दांत मांडा.

'आमचे नयनरम्य, जागृत देवस्थान' हे कौतुकाचं वाक्य कोणीतरी काढून टाकणारच. त्याऐवजी 'मंदिर काळ्या पाषाणातले असून यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते' असं लिहा आणि लगेच पुढे संदर्भ जोडा. आजीने सांगितलेली आख्यायिका कितीही लाडकी असली तरी छापील आधाराशिवाय घालू नका. हा नियम मलाही जड जातो, पण तो योग्यच आहे.

कोणी तुमचा बदल उलटवला, म्हणजे रद्द केला, तर चिडू नका, लेखाच्या चर्चापानावर कारण विचारा. अडलात तर चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर लिहा, जुनी मंडळी उत्तर देतात.