ब्रिटनमधल्या लोकांचा राजकारणावरचा विश्वास उडालाय, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी शिकायला ब्रिटनला येताय, इथे भारतीय नागरिकालाही मत देता येतं असं कळलंय, पण इथे राहणारा जो तो सांगतो की लोकांना राजकारणाचा वीट आलाय. ज्यांच्याकडून आपण संसदेची पद्धत उचलली त्यांच्याच घरी असं का, हा तुमचा प्रश्न.

मी मूळची सांगलीची. 2007 पासून स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये राहते आणि 2015 पासून मतदान केंद्रावर पोल क्लार्कचं काम करते. सकाळी सात ते रात्री दहा, चर्चचा हॉल, थर्मासमधला चहा आणि समोर मतदारयादी. नाव शोधायचं, यादीत रेघ मारायची, मतपत्रिका हातात द्यायची. कोण आलं, कोण नाही हे बाहेर बोलायचं नसतं, म्हणून कुणी ओळखू येणार नाही इतपतच लिहिते.

23 जून 2016. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, याचं सार्वमत होतं. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले. मतपत्रिका उलटसुलट करून बघितली आणि मला विचारलं, "हिचं करायचं काय असतं, डक?" (स्टोकमध्ये अनोळखी माणसालाही 'डक' म्हणतात. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो ना, तसं.) तरुणपणी एकदा मत दिलं होतं, त्यानंतर आजच, असं म्हणाले. मी आडोशाकडे बोट दाखवलं. तिथे फुली मारायला दोरीला बांधलेली पेन्सिल असते. त्यांनी मात्र कोटाच्या खिशातून स्वतःचं पेन काढलं. "पेन्सिलची फुली रात्री खोडून टाकतात, असं ऐकलंय," म्हणाले. आमच्या केंद्रप्रमुख बाईंनी शांतपणे समजावलं की शाई वाळली, फुटली किंवा घडी घातल्यावर डाग उमटला तर पंचाईत होते, म्हणून पेन्सिल ठेवतात. पेन वापरायलाही काही हरकत नाही. त्यांनी पेनानेच फुली मारली. त्या दिवशी घरून पेन आणलेले ते एकटे नव्हते. ही अफवा तेव्हा देशभर फिरत होती.

म्हणून मला 'वीट आलाय' हा शब्द अपुरा वाटतो. विटलेला माणूस घरी बसतो. हे गृहस्थ तीसेक वर्षांनी मत द्यायला आले होते, ते मोजलं जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ते मोजलं जाईल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तुम्ही ज्या देशात येताय तो मला असा दिसतो.

आता हे कसं झालं, ते माझ्या परीने सांगते.

1950 च्या निवडणुकीत इथे जवळपास 84 टक्के मतदान झालं होतं. 1992 लाही 78 टक्क्यांच्या घरात होतं. 2001 मध्ये ते एकदम 59 टक्क्यांवर आलं. मजूर पक्ष जिंकणार हे आधीच ठरल्यासारखं होतं, हे एक कारण. मग इराक. 15 फेब्रुवारी 2003 ला लंडनच्या रस्त्यांवर लाखो माणसं युद्धाविरुद्ध उतरली, आणि 18 मार्चला कॉमन्स सभागृहाने 412 विरुद्ध 149 मतांनी युद्धाला होकार दिला. मी तेव्हा इथे नव्हते. पण माझ्या शेजारणीने आयुष्यात काढलेला तो एकमेव मोर्चा, आणि ती आजही म्हणते, "इतके जण गेलो, काय उपयोग झाला?"

माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते 2009 चं भत्ते प्रकरण. ते समजून घ्यायचं तर आधी आमचं शहर बघायला हवं. स्टोक म्हणजे चिनीमातीच्या भांड्यांचं गाव. इथला माणूस कुठेही जेवायला गेला की बशी पालथी करून खालचा शिक्का बघतो: आपल्या गावची आहे का? खाणी गेल्या, पोलाद गेलं, मग भट्ट्या एकेक करून विझल्या. स्पोड हा 18 व्या शतकातला कारखाना नोव्हेंबर 2008 मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याच सुमारास सरकार बुडत्या बँकांना वाचवायला अब्जावधी पौंड ओतत होतं. आणि त्यानंतर सहा महिन्यांनी, 8 मे 2009 पासून, 'डेली टेलिग्राफ'ने खासदारांनी मागितलेल्या भत्त्यांचे तपशील रोज छापायला सुरुवात केली.

आपल्याकडच्या घोटाळ्यांच्या मानाने रकमा चिल्लर होत्या. एका खासदाराने घरच्या तळ्यात बदकांसाठी तरंगतं घरकुल घेतलं, 1,645 पौंडांचं. त्या वेळच्या हिशेबाने सव्वा लाख रुपयांच्या आसपास. तो दावा मंजूरही झाला नव्हता. दुसऱ्याच्या कागदांत वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च निघाला. त्याहून मोठा खेळ घरांचा होता. लंडनमध्ये काम आणि मतदारसंघात घर, म्हणून दुसऱ्या घराचा भत्ता मिळायचा. काही जण आज हे घर दुसरं, उद्या ते दुसरं असं दाखवून दोन्ही घरं लोकांच्या पैशातून सजवत होते.

सांगलीहून आलेल्या मला तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशावर एवढा गहजब? मी हे आमच्या ऑफिसात बोललेही. माझ्यासोबत काम करणाऱ्या बाईंचा नवरा भांड्यांच्या कारखान्यातून नुकताच कमी झाला होता. त्या मला म्हणाल्या, "बेकारभत्त्याच्या फॉर्मवर एक चूक झाली तर आम्हाला चोर ठरवतात. त्यांचा प्रत्येक फॉर्म मात्र 'नियमात बसतो'." मी गप्प झाले. रकमेचा प्रश्नच नव्हता. एकाच देशात दोन प्रकारचे फॉर्म आहेत, हे त्या दिवशी सगळ्यांना एकदम दिसलं.

हे बाहेर येऊ नये म्हणून संसदेने किती आटापिटा केला, तेही सांगायला हवं. माहिती अधिकाराचा कायदा 2005 मध्ये लागू झाला. हेदर ब्रुक या पत्रकाराने तेव्हापासून हे तपशील मागितले. संसदेने नकार दिला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2008 मध्ये संसद हरली. तरी जानेवारी 2009 मध्ये खासदारांचे भत्ते कायद्यातून वगळण्याचा प्रयत्न झाला, लोकांनी आरडाओरड केल्यावर तो मागे घेतला. शेवटी सभापती मायकेल मार्टिन यांना पायउतार व्हावं लागलं. सभापतीला असं घालवल्याचं याआधीचं उदाहरण 1695 चं. काही खासदार तुरुंगात गेले, बऱ्याच जणांनी पैसे परत केले, भत्ते ठरवायला स्वतंत्र संस्था आली. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे इतक्या कमी रकमांसाठी लोकप्रतिनिधी आत गेलेले मी पाहिले नाहीत. पण इथल्या माणसाच्या मनात शिक्षा राहिल्या नाहीत, बदकांचं घरकुल राहिलं.

पुढच्याच वर्षी लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी विद्यापीठाची फी वाढू देणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, सत्तेत भागीदार झाले आणि 9 डिसेंबर 2010 ला त्याच सरकारने फीची मर्यादा 9,000 पौंडांवर नेली. 2015 मध्ये त्यांचे 57 खासदारांवरून 8 उरले. पहिल्यांदा मत दिलेली एक अख्खी पिढी तिथे पोळली.

तरीही कोणती गोष्ट सगळ्यात खोल गेली असं विचाराल, तर मी पोस्ट ऑफिसचं नाव घेईन. खेड्यापाड्यांत, गल्लीबोळांत छोटी पोस्ट कार्यालयं चालवणारी माणसं, त्यांतले पुष्कळ गुजराती आणि पंजाबी. होरायझन नावाच्या संगणकप्रणालीत गल्ल्यात तूट दिसू लागली आणि पोस्ट खात्याने या माणसांनाच चोर ठरवलं. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक जणांना दोषी धरलं गेलं. कुणी तुरुंगात गेलं, कुणी घर विकून न हरवलेले पैसे भरले, काहींनी जीव दिला. चूक प्रणालीत होती. 2019 च्या शेवटी उच्च न्यायालयाने तसं स्पष्ट म्हटलं. या सगळ्या वर्षांत तीन पक्षांचे मंत्री त्या खात्यावर येऊन गेले, लोकांनी आपापल्या खासदारांना पत्रं लिहिली, काही खासदार मनापासून लढलेही. पण शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा आला मे 2024 मध्ये, आणि तोही जानेवारीत टीव्हीवर या प्रकरणावरची मालिका बघून देश हळहळल्यानंतर. न्यायालयाने सांगून जे झालं नाही ते मालिकेने झालं, हे मला आजही पचत नाही.

त्याच मे महिन्यात दूषित रक्ताच्या चौकशीचा अहवाल आला. 1970 आणि 80 च्या दशकांतली गोष्ट: सरकारी दवाखान्यांतून 30,000 हून अधिक लोकांना बाधित रक्त किंवा रक्तापासूनची औषधं दिली गेली, सुमारे 3,000 माणसं गेली. उत्तर मिळायला चाळीस वर्षं लागली. इराकवरचा चिलकॉट अहवाल 12 खंडांचा, तो 2016 मध्ये आला, युद्धानंतर 13 वर्षांनी. चौकशी होते, ती प्रामाणिक असते, पंतप्रधान संसदेत उभे राहून माफी मागतात. तोवर ज्याचं नुकसान झालं तो माणूस म्हातारा झालेला असतो किंवा राहिलेला नसतो. माझं मत विचाराल तर विश्वास मोडला तो इथे. भ्रष्ट माणसं सगळीकडे असतात. पण चूक सिद्ध झाल्यावरही कुणाचं काही बिघडत नाही, हे वर्षानुवर्षं बघितलं की माणूस आतून थकतो.

मग कोविडमधल्या पार्ट्या. नियम करणाऱ्यांच्याच कार्यालयात त्या झाल्या. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी नवऱ्याचा शेवटचा निरोप फोनवर घेतला होता. पंतप्रधानांना दंड झाल्याची बातमी आली त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी टीव्ही बंद केला आणि चहा ठेवला, एवढंच.

आकडाच हवा असेल तर इप्सॉस ही संस्था 1983 पासून विचारते की कोणत्या पेशाची माणसं खरं बोलतात असं तुम्हाला वाटतं. 2023 मध्ये राजकारण्यांचं नाव फक्त 9 टक्के लोकांनी घेतलं, तोवरचा नीचांक. पहिल्या नंबरवर परिचारिका होत्या, 88 टक्के.

आता स्टोककडे परत येते. 2015 ला स्टोक सेंट्रल मतदारसंघात साऱ्या देशात सगळ्यात कमी मतदान झालं, जेमतेम निम्मं. पावणेदोन वर्षांनी तिथले खासदार मध्येच राजीनामा देऊन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे संचालक झाले; पोटनिवडणुकीत 38 टक्के लोक आले. मधल्या सार्वमतात मात्र रांगा लागल्या होत्या आणि शहरातल्या 69 टक्के मतांनी बाहेर पडायचा कौल दिला. 2019 ला शहरातल्या तिन्ही जागा हुजूर पक्षाकडे गेल्या. त्यांतल्या काही पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाच्या होत्या. 2024 ला तिन्ही परत मजूर पक्षाकडे. लंडनचे पत्रकार याला चंचलपणा म्हणतात. मला तो वीज गेलेल्या घरात एकेक बटण दाबून बघणारा माणूस वाटतो. 2016 पासून 2024 पर्यंत देशाने सहा पंतप्रधान बघितले, त्यांतल्या लिझ ट्रस 49 दिवस टिकल्या. घरासमोरचा खड्डा कोण बुजवणार हे माझ्या ओळखीत कुणालाच नीट सांगता येत नाही.

मोजणीची पद्धतही याला हातभार लावते. ती आपल्यासारखीच आहे, ज्याला जास्त मतं तो निवडून आला. 2024 मध्ये मजूर पक्षाला 34 टक्क्यांहून कमी मतांवर 411 जागा मिळाल्या, रिफॉर्म पक्षाला 14 टक्के मतांवर 5. आपल्याकडे 2013 पासून 'नोटा' आहे, इथे तोही नाही. काही लोक मतपत्रिकेवर चार ओळी खरडतात, कारण शंकास्पद मतपत्रिका बाद करण्याआधी उमेदवारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना दाखवतात. निदान तेवढं तरी कुणी वाचेल, अशी आशा.

4 जुलै 2024 ला मतदान साधारण 60 टक्के झालं. आमच्या हॉलमध्ये दुपारभर शांतता होती. दाराचा आवाज आला की मी मान वर करून बघायचे. सार्वमताला पेन घेऊन आले होते तसे चेहरे या वेळी मला दिसले नाहीत.

तुम्ही आलात की मतदार म्हणून नोंदणी जरूर करा. वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, कॉमनवेल्थचा म्हणून, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. अर्ज ऑनलाइन होतो, मतदानाच्या 12 कामाच्या दिवसांआधी करावा लागतो. 2023 पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं. विद्यापीठाचं कार्ड घेऊन आलेल्या मुलांना मला परत पाठवावं लागलंय आणि ते फार वाईट वाटतं. तुमचा भारतीय पासपोर्ट चालतो, तो सोबत ठेवा. पेन न्यायचं असेल तर न्या, कुणी अडवणार नाही.