आधी वॉर्ड बघ, मग कॉलेज

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

'मला माणसांची सेवा करायला आवडतं, मग नर्सिंग जमेल ना?' असं तू विचारलं आहेस. सेवेची ओढ आहे ही चांगलीच गोष्ट. पण एवढी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवताना मी पाहिलं, की रुग्णाचं दुःख बघून ज्यांचे डोळे भरून येतात ते सगळेच या कामात रमतात असं नाही. रमतात ते बारकाईने बघणारे. म्हणून मी तुला वेगळंच विचारते. एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा, न कंटाळता, नीट लक्ष देऊन बघणं तुला आवडतं का?

असं समज, ऑपरेशनचा दुसरा दिवस आहे. सकाळी डॉक्टर राउंड घेऊन गेले, सगळं ठीक होतं. दुपारी तू रुग्णाचा श्वास मोजतेस. सकाळी मिनिटाला 16 होता, आता 24 आहे. बीपी नॉर्मल, ताप नाही, आणि तो स्वतः 'बरं वाटतंय' म्हणतो. फक्त जरा बेचैन आहे, सारखा कूस बदलतोय. मोठ्या माणसाचा श्वास एरवी मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो, आणि तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा बीपी उतरण्याच्या आधी श्वास वाढतो. हा बदल त्या घडीला तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नसतो, कारण घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर तू मोजलंस. अंदाजाने 18 लिहून पुढच्या बेडकडे जाणं किती सोपं असतं!

पण नुसतं बघून भागत नाही. डॉक्टरांना फोन करून कोणता रुग्ण, काय बदललं, तुला कसली शंका येते आणि त्यांनी काय करायला हवं, हे चार वाक्यांत सांगावं लागतं. 'बघू नंतर' असं उत्तर आलं तर पुन्हा फोन करावा लागतो, मग समोरचा कितीही मोठा असो. नर्सिंगला केवळ 'सेवा' म्हणणारे लोक या धीटपणाबद्दल बोलत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तुझा स्वभाव आज भिडस्त असला तरी घाबरू नकोस. हे बोलणं शिकता येतं, शिकवलंही जातं.

रक्त, उलटी, बेडपॅन, जखमेचा वास यांची तुला धास्ती वाटते. त्याची सवय बहुतेकांना होते. माझी काळजी निराळी आहे : पाठ आणि नाइट ड्युटी. सिसिली सॉन्डर्स दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नर्स झाल्या, पण पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना ते काम सोडावं लागलं. पुढे त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या, नंतर डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. शिकलेलं वाया गेलं नाही हे खरं, तरी तुझी पाठ आत्ताच दुखत असेल, किंवा जागरणाने बळावणारा फिट्ससारखा आजार असेल, तर प्रवेशाआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल.

फॉर्म भरण्याआधी एक कर. परवानगी काढून वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात काही दिवस मदतीला जा आणि अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या माणसाला भरवायचं काम मागून घे. घास नीट गिळला जातोय ना हे बघत, घाई न करता भरवायला बराच वेळ जातो. तेवढा वेळ तुझं मन तिथे राहतं का, ते बघ. ड्युटी संपवून निघालेल्या सिस्टर भेटल्या तर 'काम आवडतं का?' असं विचारू नकोस, 'आज काय काय झालं?' असं विचार. आणि माणसापेक्षा त्याच्या आजारातच तुझा जीव जास्त गुंततो असं लक्षात आलं, तर प्रयोगशाळा किंवा औषधशास्त्र यांचा विचार कर. त्यात कमीपणा काही नाही.

आता डिप्लोमा की पदवी. माझं मत स्पष्ट आहे : पैसा आणि घरची परिस्थिती साथ देत असेल तर पदवीच घे. 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या 9 देशांतल्या 300 रुग्णालयांचा अभ्यास आला. ऑपरेशन झालेल्या 4 लाखांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात होती. पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल, तिथे 30 दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी कमी दिसली. उलट एका नर्सवर एक रुग्ण वाढला, की ती शक्यता तेवढीच वाढलेली दिसली. हा दुसरा आकडा नोकरी शोधताना आठव आणि एका पाळीत किती रुग्ण सांभाळावे लागतील हे आधी विचार. लवकर कमवायची गरज असेल तर डिप्लोमा करून पुढे पदवी घेण्याची वाट बऱ्याच ठिकाणी असते. ती मान्यताप्राप्त आहे का आणि त्यात किती वर्षं जातील, हे मात्र आजच लेखी विचारून घे. आणि डिप्लोमा झालेल्या सिस्टरना कमी लेखू नकोस. वॉर्डात तू खूप काही त्यांच्याकडूनच शिकशील.

कॉलेज बघताना पहिला प्रश्न नोंदणीचा. इथून पास झाल्यावर नर्स म्हणून अधिकृत नोंदणी मिळते का? उत्तर नाही असेल तर पुढचं काही ऐकूच नकोस. दुसरा प्रश्न, प्रत्यक्ष रुग्णांजवळ किती तास मिळतात? युरोपियन युनियनच्या नियमात नर्सच्या शिक्षणाचे किमान 4,600 तास आहेत आणि त्यातले निदान निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेतले असावे लागतात. हे माप हाताशी ठेव. तिसरा प्रश्न शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचार : वॉर्डात शिकवायला शिक्षक सोबत असतात, की माणसं कमी पडतात म्हणून तुम्हाला नुसतं राबवून घेतात? इमारत आणि चकचकीत लॅब याच्या नंतर.

परदेशी जायचं मनात असेल तर तिथली नोंदणी वेगळी असते, अनेकदा परीक्षा आणि भाषेची चाचणीही असते. कॉलेजच्या आश्वासनावर विसंबू नकोस. आयसीयू की लहान मुलांचा वॉर्ड, हे मात्र आज ठरवू नकोस.

कॉलेजांची नावं आणि या तीन प्रश्नांची मिळालेली उत्तरं मला लिहून पाठव, आपण एकेक बघू. नाइट ड्युटीमुळे आई काळजीत आहे असं तू लिहिलं आहेस. त्यांना हवं असेल तर मी फोनवर बोलेन. रविवारी मला वेळ असतो.

तुझी,
मॅडम